देवीच्या दिव्याची वायर

गाडीत जादा काही बसवायचं असलं, टेप म्हणा, पंखा म्हणा, धुक्याचा पिवळा दिवा म्हणा, तर त्याची लाईन किल्लीच्या मागून घ्यायची. म्हणजे किल्ली फिरवली की सगळं चालू, किल्ली काढली की सगळं गप्प. बॅटरीवरून डायरेक्ट लाईन ओढणारा वायरमन गाढव, आणि ओढ म्हणून सांगणारा मालक त्याच्याहून मोठा गाढव. कारापूरच्या तिठ्यावर माझं दुकान आहे. तिथे हे मी वीस-बावीस वर्षं ओरडून सांगतोय. खाणीवरचे ट्रकवाले मुकाट ऐकून घेतात.

माझं नाव जयराम. याचा राग नाकाच्या शेंड्यावर, असं आई म्हणायची. खोटं कशाला बोलू, आहेच.

आणि एवढा शहाणा मी, जन्मात एकदा स्वतःच्या हातांनी डायरेक्ट लाईन ओढली. तीही सख्ख्या बहिणीच्या गाडीत. ते सांगतो. मध्येच अडवू नका, अडवलंत तर मी उठून जाईन.

प्रभावती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. बाप लवकर गेला, तेव्हा तिला मीच वाढवली म्हणा ना. लग्न करून दिली पार्शाला. माणसं चांगली, थोडी काजूची बाग, दहा-बारा माड. नवरा गोकुळदास म्हणजे गरीब गाय. त्याला कोणी शिव्या दिल्या तरी तो हसून 'बरें, बरें' म्हणणार. अशा माणसाचा मला अजून राग येतो.

प्रभाची दोन बाळंतपणं वाया गेली. पहिलं पोर सहाव्या महिन्यात गेलं. दुसऱ्या खेपेला दिवस पुरे भरले होते, पण मूल आडवं. कळा सुरू झाल्यावर गोकुळदास टेंपो शोधत गावभर फिरला. एकाचा टायर पंक्चर, एकाचा ड्रायव्हर जत्रेला गेलेला. शेवटी मिळाला तो काजूची पोती वाहणारा, आणि त्यात, पोत्यांच्या धुळीत, म्हापशाच्या अर्ध्या वाटेवर पोर गेलं. मुलगा होता.

त्यानंतर सहा महिने प्रभा कोणाशी धड बोलली नाही. मग एक दिवस तिने पाटल्या आणि बांगड्या काढून नवऱ्याच्या हातात ठेवल्या. म्हणाली, "गाडी घ्या. ह्यापुढे दुसऱ्याच्या दारात गाडी मागूक जावचां ना." गोकुळदासने जुनी अँबेसिडर घेतली, टॅक्सीचा परवाना काढला, ड्रायव्हिंग शिकला. रोज सकाळी पार्से, पेडणे, म्हापसा. दिवसभर भाडी मारायचा. पण गाडी भाड्यासाठी नव्हती, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. गाडी त्या पोराची होती, जे अजून यायचं होतं.

शहाऐंशी साली प्रभाला पुन्हा दिवस गेले. म्हापशाच्या डॉक्टरणीने सांगून ठेवलं, "सिझर करावं लागेल. तारखेच्या आठ दिवस आधी अॅडमिट व्हा. आणि मधेच कळा आल्या तर तासाभरात इथे पोचायचं, घरी थांबायचं नाही." तारीख होती नाताळानंतरची.

श्रावणात दोघं गाडी घेऊन माझ्याकडे आली. गोकुळदासला टेप हवा होता, प्रभाला छोटा पंखा, कारण गाडीत बसलं की तिला मळमळायचं. आणि समोरच्या काचेखाली देवीची तसबीर होती, तिच्यापुढे लाल दिवा हवा होता. म्हटलं, बहिणीची गाडी, काम असं करतो की बघत राहाल.

अँबेसिडरच्या फ्यूज पेटीत दोन बाजू असतात. एक सदा जागी, दुसरी किल्लीबरोबर जागी होणारी. मी टेस्ट बल्ब लावून गोकुळदासला दाखवलं. किल्ली बंद, बल्ब गप्प. किल्ली चालू, बल्ब पेटला. "हांगासून घेतो लाईन," म्हटलं. "वेगळा फ्यूज घालतो. उद्या काही जळलंच तर हाच जळेल, गाडीला धक्का नाही." तो मान डोलावत होता. त्याला किती कळलं ते त्याची देवी जाणे.

चार वाजेपर्यंत सगळं बसवलं. प्रभा मागच्या सीटवर बसली होती. मी किल्ली फिरवली. पंखा फिरला, टेपवर भजन लागलं, देवीपुढे लाल दिवा आला. पोरीने लहानपणी वाजवायची तशा टाळ्या वाजवल्या. मला कोण आनंद झाला! मग मी किल्ली काढली.

पंखा थांबला, भजन थांबलं, दिवा गेला. आणि प्रभा किंचाळली, "दादा! दिवो पालवलो!"

दिवा विझला, असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. पालवला म्हणायचं. आणि तेही गर्भार बाईने देवाच्या दिव्याबद्दल म्हणायचं म्हणजे काय, तुम्हीच समजा. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अगे, पालवला नाही. किल्ली काढली मी. हे बघ." मी पुन्हा लावून दाखवला.

"देवाचो दिवो किल्लेन बंद करतात काय रे?"

"मग काय, रात्रंदिवस जळत ठेवायचा?"

"होय," ती म्हणाली. "मी नवस केलाय. माझं बाळ ह्या गाडीतून घरी येईपर्यंत हा दिवा पालवू द्यायचा नाही."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, घरात नंदादीप आहे ना? तो जळू दे की. तर म्हणाली, "घरातलो दिवो घर सांभाळता. माझं पोर घरात नाही गेलं, दादा. वाटेवर गेलं, गाडीत. गाडीत देव जागा पाहिजे." यावर काय बोलणार? मी बोललोच. बॅटरी म्हणजे काय विहीर आहे, म्हटलं, कितीही उपसा? गाडी उभी असताना दिवा बॅटरी खातो. खाऊन खाऊन एक दिवस सेल्फ मारशील तर गाडी खाकरणारसुद्धा नाही. ती ऐकत नव्हती. मी आवाज चढवला. ती रडू लागली. गोकुळदास मध्ये पडला, "दादा, तुमीय बरोबर, तीय बरोबर. देवीकडे प्रसाद लावूया."

पार्शातली माणसं लग्न, घर, विहीर, कोर्टाची तारीख, सगळं देवीला विचारतात. ओल्या पाकळ्या मूर्तीच्या अंगावर उजवीकडे नि डावीकडे चिकटवायच्या, भटाने गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मीही त्यातलाच आहे. माझं दुकान कुठल्या तिठ्यावर काढायचं तेही मी असंच विचारलं होतं. पण वायर कुठून घ्यायची हे देवीला विचारणारी माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

पुढच्या रविवारी गेलो. भटाने विचारलं, "गाऱ्हाणं काय घालू?" गोकुळदासने समजावलं. भटाला काही उमजेना. शेवटी मीच खेकसलो, "विचारा, दिवा किल्लीवर की बॅटरीवर!" भट हात जोडून म्हणू लागला, "गे आई, ही तुझी लेक गाडीत तुझो दिवो लायता. तो बॅटरीवर ठेवचो आसल्यार उजवी दी..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आधीच उजवी पाकळी सुटून खाली पडली. इतक्या लवकर मी कधी प्रसाद झालेला बघितला नव्हता. प्रभाने जमिनीवर डोकं टेकलं. मी वरवर हसलो, पण अंगावर काटा आला होता.

आता देवीने सांगितल्यावर जयराम कोण? देवळाबाहेरच्या वडाखाली गाडी लावून मी लाईन बदलली. तासभर बडबडत होतो. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय, मी आपला वायर ओढतोय. पाच वॅटचा लाल बल्ब, बॅटरीच्या टोकावरून सरळ वायर, मध्ये फ्यूज. शेवटची पट्टी गुंडाळून मी पक्कड पेटीत फेकली आणि म्हटलं, "घ्या. जळू दे तुमचा दिवा." हे शब्द माझे. कोणी दुसऱ्याने बोलले असते तर मी त्याची जीभ हासडली असती.

त्याच वेळी एक छोटी बॅटरी, स्कूटरला असते तसली, डिकीत ठेवून दिवा तिच्यावर जोडला असता तर देवीचा शब्द राहिला असता आणि गाडीची बॅटरीही शाबूत राहिली असती. अर्ध्या तासाचं काम. मला सुचलं नाही. मी रागात होतो, आणि रागात माझे हात चालतात, डोकं चालत नाही.

तसं पाहिलं तर चार महिने काहीच झालं नाही. गाडी रोज पळायची, बॅटरी रोज भरायची. रात्री दिवा थोडं प्यायचा, सकाळी डायनामो परत भरून द्यायचा. गणपतीला गेलो तेव्हा प्रभाने मला सोप्यावर बसवून अंगणातला दिवा दाखवला. म्हणाली, "बघ, तू उगाच ओरडत होतास." मलाही वाटलं, चला, हरलो तर हरलो. बहिणीशीच हरलो.

मग डिसेंबर आला आणि राजभाषेचं ते आंदोलन सुरू झालं. कोंकणी की मराठी. आमच्या घरात दोन्ही एका ताटात जेवत होत्या, कोणी कोणाला उष्टं म्हणत नव्हतं. पण बाहेर रस्त्यांवर झाडं पडली, दगड आले, टायर जळू लागले. प्रभाला अॅडमिट करायचं होतं, नेमकं त्याच्या आदल्या दिवशी सगळं बंद झालं. बस नाही, टॅक्सी नाही, दुकानं नाहीत, पेट्रोल पंप नाही. गोकुळदासची गाडी अंगणात उभी. आणि दिवा जळतोय.

कारापूरला बंद दुकानात कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून मी हिशेब करत बसलो होतो. पाच वॅटचा बल्ब दिवसाला दहा अँपिअर-तास खाणार. बॅटरी जुनी, भरून भरून चाळीस असेल. म्हणजे चार दिवस. तिसऱ्या दिवशी तर सेल्फ मारायची ताकदसुद्धा राहणार नाही. दुसऱ्या दिवशी मी पोस्टात जाऊन पार्शाच्या दुकानात फोन लावला, गोकुळदासला बोलावून घेतलं.

"भावजी, तो बल्ब काढा. आत्ताच्या आत्ता."

तिकडून तो म्हणाला, "दादा, प्रसाद झालाय. माझ्यान हात लावूक जायना."

"बरं, मग इंजिन तरी चालू करा रोज अर्धा तास. बॅटरी भरेल."

"पेट्रोल थोडंच आसा, दादा. म्हापशाक जावन येवचेपुरतें. पंप बंद. फुकट जाळलें आनी त्याच दिसा कळा आयल्यार?"

मी शिव्या द्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं. काय चूक होतं त्याचं? त्याच्या जागी मी असतो तर पेट्रोल मीही राखलं असतं. त्याला पेट्रोलची काळजी, मला बॅटरीची, आणि दोघांच्या मध्ये देवीची पाकळी. फोन ठेवला आणि पोस्टातल्या बाकावर बसून राहिलो. कोणाशी भांडावं तेच कळेना. इतका हतबल मी बाप गेला तेव्हाही झालो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी निघालो तर डिचोलीच्या पुढे परत पाठवलं. चौथ्या दिवशीही तसंच. पाचव्या दिवशी फोन लागला नाही. सहाव्या दिवशी सकाळी लोक म्हणाले, दुचाक्या सोडतात. मी दुकानातली चार्ज केलेली बॅटरी स्कूटरच्या पुढच्या पाटीवर दोन पायांच्या मध्ये ठेवली, दोरीने करकचून बांधली आणि निघालो. साडेआठ वाजले असतील.

अस्नोड्याला आडवा पडलेला आंबा लोकांनी स्कूटरसकट ओलांडून दिला. भली माणसं. पण कोलवाळच्या अलीकडे पुन्हा दगड मांडलेले आणि वीस-पंचवीस जण उभे. कुठल्या बाजूचे होते ते मी विचारलं नाही, आजही मला ठाऊक नाही. एकाने विचारलं, "मराठी काय कोंकणी?"

डोकं आधीच फिरलेलं. म्हटलं, "बॅटरी! बारा व्होल्टची! दिसत नाही काय, फुटलेत डोळे?"

दोघे हसले. पण तिसरा खाली वाकला, झाकणाचा वास घेतला आणि ओरडला, "अरे, अॅसिड!" झालं. त्या दिवसांत कोण कोणावर काय फेकेल याचा नेम नव्हता. अॅसिड घेऊन कुठे चाललास? कोणावर टाकणार? मी सांगितलं, बहीण बाळंत व्हायचीय, गाडीची बॅटरी आहे. हे आधी सांगितलं असतं, हात जोडून सांगितलं असतं, तर सोडलं असतं त्यांनी. माणसंच होती, राक्षस नव्हती. पण मी आधी त्यांच्या डोळ्यांवर गेलो आणि मग आईवर. त्यांनी स्कूटरची किल्ली काढून घेतली आणि मला दगडावर बसवलं. दहा ते सव्वाबारा. शेवटी मी एकाचे पाय धरले. माझ्या निम्म्या वयाचा असेल. तो बिचारा शरमला, म्हणाला, "आदीं सांगपाचें मरे, काका," आणि किल्ली दिली. दोघांनी स्कूटर उचलून दगडांपलीकडे ठेवली.

धारगळ सोडून आतल्या रस्त्याने पार्शाला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. अंगणात आठ-दहा माणसं. गाडीचं बॉनेट उघडं. गोकुळदास पुढे हँडल घालून इंजिन फिरवत होता, फिरवत होता. त्याचे दोन्ही तळवे फुटून रक्त येत होतं. हँडलने इंजिन फिरतं हो, पण बॅटरीत जीवच नाही तर स्पार्क कोण देणार? गाडी ढकलून दोनदा रस्त्यापर्यंत नेऊन आणली होती. समोरच्या काचेला आतून, देवीच्या तसबिरीसकट, त्याने टॉवेल टाकून ठेवला होता, ऊन लागतं म्हणून. ऊन कसलं! दिवा गेल्याचं प्रभाला दिसू नये म्हणून.

प्रभा मागच्या सीटवर होती. कळा नऊ वाजताच सुरू झालेल्या. शेजारची आनंदी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. प्रभाने मला बघितलं आणि म्हणाली, "दादा, आयलो तू?" बस, एवढंच. मी पाना काढला. घाईत नट दोनदा निसटला. जुनी बॅटरी काढली, नवी बसवली, टोकं आवळली. दहा मिनिटं लागली असतील. किल्ली फिरवली.

पहिल्या झटक्याला गाडी चालू झाली. अर्धासुद्धा फेरा लागला नाही. अंगणातली माणसं ओरडली, कोणीतरी देवीचं नाव घेतलं. मला मात्र त्या इंजिनाच्या आवाजाने रडू फुटलं, कारण तोच आवाज नऊ वाजता यायला हवा होता.

गोकुळदासने टॉवेल ओढून काढला. बॅटरी लागल्याबरोबर दिवाही पेटला होता. प्रभाने मान उचलली, त्या लाल दिव्याकडे बघितलं आणि तशा कळांमध्ये दोन्ही हात जोडले.

गाडी मी चालवली. गोकुळदासच्या हातांनी स्टिअरिंग धरवत नव्हतं. दगडांपाशी मघाच्याच पोरांनी आम्हाला बघून धावत रस्ता मोकळा केला. म्हापशाला पोचायला अडीच वाजले.

मुलगी होती. सगळं नीट, हातापायांची नखंसुद्धा आलेली. फक्त रडली नाही. डॉक्टरीण बाहेर आली, मास्क काढला आणि म्हणाली, "दोन तास आधी आणायचं होतं." रागावून नाही म्हणाली. दमलेली होती. आईला वाचवलंय, म्हणाली, पण पिशवी काढावी लागली. आता पुढे मूल नाही.

गोकुळदास भिंतीला टेकून खाली बसला. पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून तो नुसता बसून राहिला. एक म्हातारी कोणाचा तरी डबा घेऊन जाताना थांबली आणि म्हणाली, "देव तारी त्याला कोण मारी, बाबा. देवाचीच मर्जी." मी तिला बोलणार होतो. नाही बोललो. त्या दिवशी मला पहिल्यांदा राग आला नाही.

तिसऱ्या दिवशी प्रभाने मला बोलावलं. वॉर्डात जनेलापाशी, खिडकीला लागून, तिची खाट होती. गोकुळदास पायथ्याशी उभा होता. तिचा आवाज अगदी बारीक झालेला.

"दादा, तू आलास तेव्हा दिवो नव्याने लागलो ना? त्याच्या आधी पालवलेलो होतो. मी बघितलं नाही, पण मला कळलं. ह्यांनी टॉवेल कशाला घातला होता?"

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

"देवीने मला नको म्हटलं, दादा? माझं काही चुकलं? मी काही ओलांडलं? मग देवीने प्रसाद का दिला? दिवो का पालवलो?"

मी गोकुळदासकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. त्या एका क्षणात मला सगळं दिसलं. खरं सांगायचं तर सांगावं लागेल की दिव्यानेच बॅटरी खाल्ली. तुझ्या दिव्याने, तुझ्या नवसाने गाडी मारली. रोज रात्री तू जो दिवा बघून झोपायचीस तोच तुझं पोर पीत होता. ही पोर ते ऐकून जगेल? आणि नाही सांगितलं तर ती जन्मभर म्हणणार, देवीने मला नाकारलं. तेही ऐकून कशी जगेल?

"देवीचं काही नाही गे," मी म्हटलं. "तुझंही नाही. वायर माझी सैल होती."

तिला कळेना.

"जोड नीट केला नाही मी. रागात होतो ना त्या दिवशी. पट्टी सुटली, वायर पत्र्याला लागली आणि शॉर्ट झाली. तिनेच सगळी बॅटरी खाल्ली. त्यातच दिवा गेला, त्यातच गाडी बंद पडली. माझ्या हातची चूक, प्रभा. दिव्याचा काही संबंध नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली.  मग तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी ह्याआधी कधी बघितलं नव्हतं. पण एक सांगतो, मघाची ती भीती गेली होती. ती म्हणाली, "माझ्या बांगड्या घातल्या रे मी त्या गाडीत." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. पुन्हा म्हणून वळली नाही.

मे महिन्यात आमचं वेगळं राज्य झालं. गावोगाव माळा लागल्या, पेढे वाटले, आमच्या तिठ्यावर फटाके फुटले. मी दुकान बंद करून आत बसलो. कोंकणीचं काय झालं, मराठीचं काय झालं, लोक येऊन सांगायचे. मी म्हणायचो, बरं झालं.

गणपतीला प्रभाचं बोलावणं आलं नाही. मला वाटलं, अजून वेळ लागेल. दिवाळीत भाऊबीजेला मात्र मन राहीना. बाप गेल्यापासून एक भाऊबीज चुकली नव्हती. साडी घेतली, स्कूटर काढली आणि पार्शाला गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. फाटकापाशीच गोकुळदास भेटला. केस पांढरे झाले होते, एका वर्षात. त्याने माझ्या हातातली साडी बघितली आणि त्याचे डोळे भरले.

"दादा, मी सांगतो तिका," तो हळूच म्हणाला. "खरें सांगतो. दिवो मी काढूंक जाय आसलो, मी काढलो ना. तुमच्यार हें नाका. माका सोसना आता."

"खबरदार," मी म्हटलं. "शब्द काढलात तर बघा, भावजी. जेवते काय ती?"

"जेवता."

"झोपते?"

"झोपता. देवळात जाता सोमाराक."

"मग झालं तर."

तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. बरा वाटला, पूर्वीसारखा खणखणीत. "कोण आयला हो फाटकार?"

गोकुळदासने माझ्याकडे बघितलं. मी खांबाआड सरकलो आणि नको म्हणून मान हलवली. मग त्याने आत ओरडून सांगितलं.

"कोण ना गो. स्कूटरवालो कोणतरी. पेडण्याची वाट विचारता."

आणि तिला जनेलातून दिसावं म्हणून त्याने हात लांब करून रस्ता दाखवला. मी साडी डिकीत ठेवली आणि त्याने दाखवलं तिकडे स्कूटर वळवली.